पावसात लाईट आणि नेट दोन्ही गेलं, अलार्मचा निरोप पोचलाच नाही. बॅकअप म्हणून नक्की काय लावावं?

जांबोटी_पट्टा

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका सौहार्द सहकारी संस्थेचा सचिव. आमची एक लहान शाखा जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात आहे. दोन खोल्या, मागं स्ट्राँगरूम, पुढं शटर, एवढीच. पण आषाढात त्या स्ट्राँगरूममध्ये वर्षातलं सगळ्यात जास्त सोनं असतं. भात लावणीला पैसे लागतात, मजूर लागतात, खत लागतं, मग घरातल्या बाईच्या गळ्यातलं तारण म्हणून आमच्याकडे येतं. प्रत्येक पाकिटावर नाव, वजन, सही नाहीतर अंगठा. दिवाळीपर्यंत ते सांभाळायची जबाबदारी आमची.

शाखेत २०१५ पासून अलार्म आहे. शटरला सेन्सर, स्ट्राँगरूमच्या भिंतीला व्हायब्रेशन सेन्सर, कॅशियरच्या पायाशी पॅनिक बटण, छपरीखाली भोंगा. अलार्म झाला की पॅनल, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा, टेलिफोनच्या लाईनवरून कंपनीच्या कंट्रोल रूमला निरोप देतं आणि तिथला माणूस आम्हाला व पोलिसांना फोन करतो, अशी व्यवस्था. त्याचे पैसे आम्ही नियमित भरतो.

यंदा आषाढात सलग तीन दिवस पाऊस होता. तिसऱ्या दिवशी दुपारी झाड पडून लाईट गेली. इन्व्हर्टरवर कामकाज उरकलं आणि शाखा बंद करून सगळे घरी गेलो. पहाटे अडीचला भोंगा वाजला. समोरच्या घरातल्या आजी जाग्या होत्या. त्यांनी पुतण्याला उठवलं, त्यानं बॅटरीचा झोत टाकला, आरडाओरडा केला. दोघं-तिघं पळाले. कुलूप कापून शटर गुडघाभर वर केलेलं होतं, खाली चिखलाची दोन पावलं आतपर्यंत गेलेली. तिजोरीला हात लागला नाही.

आणि कंट्रोल रूम? एकही फोन नाही. सकाळी साडेआठला मीच त्यांना लावला. त्यांच्याकडे आमच्या शाखेचा शेवटचा निरोप आदल्या दिवशी सकाळी दहाचा होता, रोजच्या टेस्टचा. त्यानंतर काहीच नाही. काहीच आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून ते बसले होते.

दोन वर्षांपूर्वी आमची जुनी तांब्याची लाईन काढून फायबर आला. टेलिफोनची वायर त्या फायबरच्या डब्याच्या फोन पोर्टला लावली. फोन लागत होता, म्हणून आम्ही निर्धास्त. आता आठवतं, तेव्हापासून कीपॅडवर अधूनमधून पिवळा दिवा लागून टिक टिक व्हायचं. शिपाई पोरगं सकाळी आलं की बटण दाबून ते बंद करायचं. त्याचा दोष नाही. आवाज कशाचा हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी बोर्डापुढं तशीच लिहून दिली आहे.

आता प्रत्येकजण वेगळं सांगतो. एक म्हणतो जीएसएमचा डायलर, म्हणजे मोबाईल सिमवरून आपोआप फोन लावणारं यंत्र, लावा. दुसरा म्हणतो दोन सिमवालं घ्या, विषय मिटला. तिसरा म्हणतो मोबाईलवर ॲप येतं, कंट्रोल रूम कशाला पाहिजे. ज्यांनी स्वतःच्या हातानं हे काम केलंय, किंवा ज्यांच्यावर असा प्रसंग आलाय, त्यांनी सांगावं. लाईट दोन-दोन दिवस जाते, डोंगर आहे, झाडी आहे, टॉवर लांब आहे. अशा ठिकाणी दुसरा मार्ग म्हणून काय टिकतं?

निवृत्त_लाईनमन

सचिवसाहेब, मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं लाईनवर काढली, त्यातली बरीच खानापूर भागात. तुमची गोष्ट वाचून जीव वरखाली झाला, कारण त्या पिवळ्या दिव्यामागं काय आहे ते मला ठाऊक आहे.

जुन्या तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजमधनं ४८ व्होल्ट यायचे. गावात लाईट असो नसो, एक्स्चेंजच्या बॅटऱ्या आणि जनरेटर आहे तोवर तुमचा फोन जिवंत. पॅनल ते व्होल्ट बघत बसलेलं असायचं. कुणी वायर कापली की व्होल्ट शून्य, की पॅनलला कळायचं लाईन गेली.

फायबरचं तसं नाही. काचेतनं उजेड येतो, वीज येत नाही. फोनच्या वायरीवर जे व्होल्ट असतात ते तुमच्या भिंतीवरचा डबाच, ओएनटी, तयार करून सोडतो. आणि बऱ्याच डब्यांत बाहेर फायबर तुटला तरी आतल्या वायरीवर व्होल्ट तसेच राहतात. पॅनल बघतं, लाईन आहे असं समजतं, आणि पलीकडं कुणीच नसतं. उलट लाईट जाऊन डबाच बंद पडला तर व्होल्ट जातात, पॅनलला कळतं, पण सांगणार कुठल्या वाटेनं? तीच वाट गेली ना.

तुमच्या शाखेत डबा कशावर चालत होता तेवढं बघून सांगा. इन्व्हर्टरवर असला तर इन्व्हर्टर कधी बसला तेही.

जांबोटी_पट्टा

काका, इन्व्हर्टरवरच. पॅनलसुद्धा त्याच इन्व्हर्टरच्या प्लगवर. आणि त्याच इन्व्हर्टरवर तीन संगणक, पंखे, ट्यूब. संध्याकाळी निघताना एक ट्यूब चालू राहिली होती, तेही आता लक्षात आलं. पुतण्या म्हणतो रात्री अकराच्या सुमाराला शाखेतला उजेड गेला.

पॅनलवाला_वडगाव

सचिवसाहेब, काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. मी बेळगावात वडगावला राहतो. वीस वर्षं हेच काम करतो, बँका, संस्था, सराफ, गोदामं. तुम्ही दिलेल्या तपशिलावरून त्या रात्री काय झालं असेल ते सांगतो, म्हणजे उपाय कशावर करायचा ते दिसेल.

दुपारी लाईट गेली तेव्हा पॅनलला ते कळलंच नाही, कारण इन्व्हर्टर त्याला वीज देत होता. म्हणून ‘लाईट गेली’ हा निरोप तेव्हा गेला नाही. रात्री अकराला इन्व्हर्टर बसला. आता पॅनलला कळलं की वीज नाही, ते स्वतःच्या बॅटरीवर गेलं आणि निरोप पाठवायला निघालं. पण ओएनटीसुद्धा त्याच क्षणी बंद पडला होता. सांगायला तोंड उघडलं आणि तोंडच बंद. अडीच वाजता शटर उघडलं तेव्हाही तेच.

तुमचं पॅनल बहुतेक काँटॅक्ट आयडी पद्धतीनं बोलत असणार. फोन उचलून नंबर लावतं, पलीकडचा रिसीव्हर एक शिट्टी देतो, मग पॅनल कीपॅडच्या बटणांसारख्या आवाजात आकडे पाठवतं. आधी चार अंकी खाते नंबर, मग तीन अंकी घटना. १३० म्हणजे घरफोडी, १२० पॅनिक, ३०१ लाईट गेली, ३०२ बॅटरी उतरली, ६०२ रोजची टेस्ट. आकडे बरोबर मिळाले की रिसीव्हर पोच म्हणून परत शिट्टी देतो आणि पॅनल फोन ठेवतं. तांब्याच्या लाईनवर हे बरीच वर्षं चाललं. फायबरच्या फोनवर आवाजाचे तुकडे करून पॅकेटमध्ये पाठवतात, काही ठिकाणी आवाज दाबून लहान करतात. माणसाचं बोलणं कळायला त्यात काही अडत नाही, पण त्या बारीक शिट्ट्या बिघडतात. एखादा आकडा चुकला की पोच येत नाही, पॅनल परत प्रयत्न करतं, आठ-दहा वेळा करून सोडून देतं आणि पिवळा दिवा लावतं. शिपाई बंद करत होता ती टिक टिक ही होती. ‘फोन लागतो’ आणि ‘अलार्म पोचतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिलं काम, खर्च शून्य: कंट्रोल रूमकडून तुमच्या खात्याचा मागच्या सहा महिन्यांचा लॉग मागवा. ६०२ रोज आलाय का ते एकेक तारीख लावून बघा. मला वाटतं मधले बरेच दिवस गायब सापडतील.

आता बॅकअप. माझं स्पष्ट मत आहे की दुसरा मार्ग कुठला घ्यायचा हा प्रश्न नंतरचा. आधी कंपनीला विचारा: आमची शाखा गप्प झाली तर तुम्हाला किती मिनिटांत कळेल आणि कळल्यावर तुम्ही काय कराल? रोज एक टेस्ट म्हणजे दहा वाजून एक मिनिटानं वायर कापली तर दुसऱ्या दिवशी दहापर्यंत कुणाला पत्ता नाही. आणि तुमच्याकडे तर टेस्ट चुकल्यावरही कुणी बघत नव्हतं. नव्या आयपी, म्हणजे इंटरनेटवरून बोलणाऱ्या, पॅनलमध्ये कंट्रोल रूमशी सतत ‘आहे, आहे’ असा ठोका चालू असतो. ठराविक वेळ ठोका आला नाही की तिकडं स्क्रीनवर लाल होतं, इकडून अलार्म येवो न येवो. युरोपात यासाठी ईएन ५०१३६ नावाचं मानक आहे, त्यात दुहेरी मार्गाच्या सगळ्यात वरच्या वर्गात मार्ग तुटल्याचं ९० सेकंदांत कळलं पाहिजे असं आहे, आणि त्याखालच्या वर्गांत ३ मिनिटं, ३० मिनिटं असं सैल होत जातं. आपल्याकडे कुणी सक्ती करत नाही. पण करारात मिनिटांचा आकडा लिहून घ्यायला कुणी अडवतही नाही. चोरानं जॅमर, म्हणजे मोबाईलचा सिग्नल अडवणारं यंत्र, आणला तरी हाच ठोका कामाला येतो, कारण जॅमर निरोप अडवू शकतो, पण खोटा ठोका पाठवू शकत नाही.

मग मार्ग. पहिला फायबर, दुसरा सिम, ही जोडी बरोबर आहे. दोन सिमबद्दल मात्र थोडं थांबा. दोन कंपन्यांची सिम घेतली म्हणजे दोन वाटा झाल्या असं नाही. जंगल भागात बहुतेक वेळा एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात. त्या टॉवरची बॅटरी उतरली, डिझेल संपलं की सगळे एकदम जातात. शिवाय टॉवरला जाणारा फायबर आणि तुमच्या शाखेचा फायबर एकाच खांबांवरून आला असेल तर एक झाड पडून दोन्ही जातात. खांबांच्या रांगेनं चालत जाऊन बघा. मी दरवेळी बघतो. अर्धा तास लागतो.

सिमचं उपकरण घेताना फोर-जी घ्या. स्वस्तात मिळणारे डायलर अजून टू-जीवर आहेत. जिओला टू-जी नाहीच, तिथं ते चालणार नाही. एअरटेलनं थ्री-जी २०२० मध्येच बंद केलं. टू-जीच्या मॉड्यूलची आणखी एक खोड आहे. निरोप पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. पॅनलची बॅटरी चार वर्षांची जुनी असेल तर नेमकं तेव्हाच व्होल्टेज खाली जातं आणि मॉड्यूल रीसेट होतं. तपासायला गेलं की सगळं ठीक दिसतं, फक्त बोलायच्या क्षणी मुकं. असे दोन डायलर मी स्वतः काढून आणलेत.

सिम संस्थेच्या नावावर, पोस्टपेड किंवा १३ अंकी नंबरचं एम-टू-एम, म्हणजे यंत्रांसाठीचं सिम. कर्मचाऱ्याच्या नावावरचं प्रीपेड नको. तो नोकरी सोडून जातो, रिचार्ज कुणाच्या लक्षात राहत नाही. ९० दिवस वापर नसला तर नंबरच बंद होऊ शकतो, आणि अलार्मचं सिम तर सहा-सहा महिने एक कॉल करत नाही.

ॲपबद्दल एवढंच: असू द्या, पण तिसरा म्हणून. रात्री अडीचला तुमचा स्वतःचा फोन रेंजमध्ये आहे आणि सायलेंटवर नाही, याच्यावर लोकांचं सोनं ठेवू नका.

निपाणीचा_सराफ

सीमेवरच्या लोकांसाठी एक अनुभव लिहितो, बाकी कुठं वाचायला मिळणार नाही.

माझं दुकान निपाणीत. इथून हायवेनं कोगनोळी नाका ओलांडला की महाराष्ट्र, पलीकडं कागल. दुकानात फोर-जी सिमवालं पॅनल बसवलं. सिम कर्नाटकातलं. दिवसा सगळं व्यवस्थित, रात्री कधीकधी तास-दोन तास कंट्रोल रूमला ठोका मिळेना. बसवणारा तीनदा येऊन गेला, सेन्सर बदलले, पॅनल बदललं. शेवटी त्याच्याबरोबरच्या एका पोरानं लॉग काढून बघितलं, तर रात्री पॅनल पलीकडच्या महाराष्ट्रातल्या टॉवरला चिकटत होतं. फोनवर आपण रोमिंग कधीच चालू करून ठेवलेलं असतं, त्यामुळं लक्षात येत नाही. पण मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद होतं. टॉवरशी जोडलेलं, रेंजच्या कांड्या पूर्ण, आणि डेटा शून्य.

दोन गोष्टी केल्या. रोमिंग चालू केलं, आणि लांब वायरीचा दिशेचा अँटेना आणून शहराच्या बाजूच्या टॉवरकडं तोंड करून गच्चीत आत लावला. त्यानंतर तक्रार नाही.

त्याच महिन्यात मी एकदा रात्री घरून ११२ लावला होता, दुसऱ्या कामासाठी. उचलणारा माणूस महाराष्ट्राकडचा निघाला. माझा फोन त्या क्षणी पलीकडच्या टॉवरवर होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, पण मधे वेळ गेला तो गेलाच. तेव्हापासून आमच्या पोलीस ठाण्याचा सरळ नंबर कंट्रोल रूमच्या यादीत पहिला लिहून ठेवलाय. चोर्ल्याकडं तुम्हाला गोव्याचा टॉवर मिळत असेल तर तुम्हीही हे तपासून घ्या.

जांबोटी_पट्टा

सराफसाहेब, आमच्या शाखेत गोव्याचा टॉवर येत नाही, पण शाखेपासून दोन वळणं पुढं गेलं की फोनवर येतो. सूचना लिहून घेतली.

पॅनलवाले दादा, लॉग मागवला. १८१ दिवसांत ६०२ आला ११४ वेळा. म्हणजे ६७ दिवस आमची शाखा कंट्रोल रूमच्या दृष्टीनं अस्तित्वातच नव्हती, आणि एकदाही विचारणा नाही. कागद हातात घेऊन मी बराच वेळ तसाच बसलो. त्या ६७ दिवसांत किती जणींची मंगळसूत्रं आत होती ते रजिस्टरवरून मोजता येतं. मोजली नाहीत.

खांबांच्या रांगेनं चालून आलो. तुम्ही म्हणालात तसंच. टॉवरकडं जाणारी केबल आणि आमची केबल शाखेपासून जवळजवळ एक किलोमीटर एकाच खांबांवर. दोन्ही कंपन्यांचे अँटेनाही त्याच टॉवरवर. दुसरा टॉवर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे, तिथली रेंज शाखेच्या आत एक कांडी, छपरीत दोन.

पॅनलवाला_वडगाव

मग सिम त्या पलीकडच्या टॉवरच्या कंपनीचं घ्या. रेंज कमी असली तरी चालेल, निरोपाला डेटा अगदी किरकोळ लागतो. अँटेना छपरीत वर, वाशाशेजारी, तीन मीटरच्या वायरीवर. वायर बाहेरून लोंबती ठेवू नका, भिंतीत पाईप घालून आत घ्या. पॅनलचा डबा पत्र्याचा असतो, आतल्या आत अँटेना ठेवला तर आहे ती कांडीही जाते.

आता वीज, तुमच्याकडे खरी कळ तिथंच आहे. ओएनटी आणि राउटर मिळून साधारण १२ वॉट धरा. बाजारात वायफायसाठी जो लहान यूपीएस मिळतो तो तीन तासांत संपेल. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाईट दोन दिवस येत नाही तिथं त्याचा उपयोग नाही. १२ व्होल्ट ४२ एएचची (अँपिअर-तास) एसएमएफ, म्हणजे पाणी घालावं न लागणारी, बॅटरी घ्या. कागदावर ५०४ वॉट-तास, भागिले १२, म्हणजे ४२ तास. प्रत्यक्षात तीस-बत्तीस मिळतील. ती फक्त या दोन डब्यांसाठी. पंखा नाही, ट्यूब नाही, कुणाचा मोबाईल चार्जर नाही. तिच्यावर ‘अलार्म’ असं रंगानं लिहा.

पॅनलचं वेगळं गणित. आत ७ एएचची बॅटरी असते. तुमच्या सेन्सरांसकट ०.२ ते ०.२५ अँपिअर जात असेल, म्हणजे नव्या बॅटरीवर एक दिवस कसाबसा, भोंगा वाजला की त्याहून कमी. दर तीन वर्षांनी बदला, चालू असली तरी. आणि पॅनलचा प्लग इन्व्हर्टरवरून काढून सरळ हेस्कॉमच्या लाईनवर घ्या. लाईट गेली की त्याला लगेच कळू द्या आणि फायबर जिवंत आहे तोवर ३०१ जाऊ द्या. म्हणजे तुम्हाला फोन येईल की घड्याळ सुरू झालं.

खानापूर_सर्किट

मी बेळगावात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, गाव खानापूरजवळ. टॉवर आणि फायबर दोन्ही जायची भीती असेल तर लोरा, म्हणजे कमी विजेवर लांबपर्यंत छोटे निरोप पाठवणाऱ्या रेडिओचा विचार करा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात कमी ताकदीच्या रेडिओला आपल्याकडे परवाना लागत नाही. आम्ही शेतातल्या पंपासाठी केलंय. मोकळ्या माळावर दोन-अडीच किलोमीटर सहज मिळतं, झाडीत आणि डोंगराआड बरंच कमी. कंट्रोल रूमपर्यंत ते जाणार नाही. पण शाखेतून एखाद्या संचालकांच्या घरापर्यंत जाईल आणि तिथं बझर वाजेल. दोन्ही बाजूंचे मॉड्यूल थोड्या पैशांत होतात, अर्ध्या मिनिटाला एक ठोका ठेवता येतो. सॅटेलाईट फोनच्या मागं मात्र कुणी लागू नका. थुराया, इरिडियमवाले फोन परवान्याशिवाय जवळ ठेवणंसुद्धा आपल्याकडे गुन्हा आहे.

जांबोटी_पट्टा

मंडळी, दीड महिन्यानं लिहितोय. काम झालं, म्हणून झालेलं जसंच्या तसं सांगतो.

जुनं पॅनल काढलं. आयपी आणि फोर-जी दोन्ही असलेलं बसवलं. कंपनी तीच ठेवली, पण करार नवा केला. फायबरवर ९० सेकंदांना ठोका, फायबर गेला तर सिमवर दर पाच मिनिटांनी, दोन्ही गप्प झाले तर पंधरा मिनिटांच्या आत आम्हाला फोन. फोन करायची यादी आम्ही दिली. पहिला पोलीस ठाण्याचा सरळ नंबर, दुसरा मी, तिसरा आजींचा पुतण्या. त्याला विचारूनच त्याचा नंबर दिला. तो म्हणाला, “काका, त्या रात्री फोन नव्हता तरी मी आलोच होतो की.”

यादीत भाषेचा रकाना घातला. हे कुणी सुचवलं नव्हतं, चाचणीत सापडलं. कंट्रोल रूमवरची मुलगी कन्नड आणि इंग्रजीत बोलत होती. माझं कन्नड बरं आहे, पुतण्याचंही चालतं. पण आमच्या शिपायाला तिनं पासवर्ड विचारला तेव्हा तो गोंधळला आणि फोन ठेवून दिला. तिच्या लेखी ते संशयास्पद ठरलं आणि ते बरोबरच होतं. आता पासवर्ड मराठी आणि कन्नड दोन्हीत एकच उच्चार होईल असा ठेवलाय, आणि त्या पाळीत मराठी समजणारा माणूस असेल तर आमचा फोन त्याच्याकडे द्यायचा असं त्यांनी मान्य केलं.

चाचणी आम्ही तीन केल्या, बोर्डाचे दोन संचालक समोर बसवून. आधी ओएनटीतून फायबरची पिन काढली. दोन मिनिटांत सिमवरून ‘पहिला मार्ग गेला’ असा निरोप पोचला आणि चौथ्या मिनिटाला फोन आला. मग पिन काढलेलीच ठेवून अँटेनाचा स्क्रू सोडला आणि सिमही उपसलं. आता शाखा पूर्ण मुकी. सगळे घड्याळाकडं बघत बसलो. बाहेर पाऊस नव्हता, तरी तेवढा वेळ कुणी बोललं नाही. तेराव्या मिनिटाला माझा फोन वाजला. वयानं मोठे असलेले संचालक उठून स्ट्राँगरूमच्या दारापर्यंत गेले, दारावर हात ठेवला आणि परत येऊन बसले.

तिसरी चाचणी विजेची. शनिवारी दुपारी मेन स्विच पाडला आणि रविवार तसाच ठेवला. ४२ एएचवर ओएनटी आणि राउटर ३१ तास चालले. पॅनलची बॅटरी १९ तासांनी ‘उतरली’ म्हणाली, ३०२ पोचला. ती आम्हाला कमी वाटते. पलीकडचा टॉवर लाईट गेल्यावर किती तास टिकतो ते अजून कळायचंय. पुतण्या आता लाईट गेली की वेळ लिहून ठेवतो आणि रेंज गेली की परत लिहितो. आतापर्यंत त्याच्या वहीत दोन नोंदी आहेत, एक सात तासांची, एक साडेपाच.

लोराचं त्या मुलाशी बोललो. पुढच्या महिन्यात तो येऊन शाखेपासून संचालकांच्या घरापर्यंत मोजून बघणार आहे. मधे एक ओढा आणि जांभळीची झाडी आहे.

शिपाई पोराला कीपॅडवरचा प्रत्येक दिवा कशाचा ते मी स्वतः शेजारी उभा राहून सांगितलं. पिवळा दिवा लागला की बटण दाबायच्या आधी वहीत वेळ लिहायची. त्यानं पहिल्याच आठवड्यात एक नोंद केली: ‘सकाळी ९.१०, पिवळा, नेट.’ फायबर खरंच गेला होता.

पॅनलवाले दादा, पॅनलच्या ७ एएचच्या जागी १८ एएचची घालावी म्हणतो, म्हणजे पॅनल राउटरच्या आधी बंद पडणार नाही. उद्या बोर्डाची मीटिंग आहे, मंजुरीला ठेवायचंय. चालेल ना?

पॅनलवाला_वडगाव

बॅटरी चालेल, पण आधी पॅनलचा चार्जर तेवढा करंट देतो का ते मॉडेल नंबर पाठवून मला विचारा. काही पॅनल ७ एएचच्या वर भरू शकत नाहीत, बॅटरी अर्धीच भरलेली राहते आणि तुम्हाला वाटतं पूर्ण आहे. तसं असलं तर वेगळा चार्जर घालू. १८ एएच त्या पत्र्याच्या डब्यात मावणार नाही, बाजूला दुसरा डबा लागेल, कुलपाचा.

आणि ४२ एएचच्या बॅटरीपासून राउटरकडं जाणाऱ्या वायरीत फ्यूज घातलाय का? नसेल तर मीटिंगच्या आधी आजच घाला. ३ अँपिअरचा, बॅटरीच्या पॉझिटिव्हला चिकटून.